कोपराखालचा भाता, सहा भोकांची शिट्टी

केल्टिक लोकसंगीताबद्दल वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत.

आयरिश वाद्यसंगीत आवडीने ऐकतो, पण सगळ्या चाली एकसारख्या वाटतात. त्या वेगळ्या कशा ओळखायच्या?

आधी ताल पकडा, सुरांकडे नंतर वळा. यातल्या बहुतेक चाली नाचासाठी बांधलेल्या आहेत आणि त्यांचे प्रकारही नाचांवरूनच पडले आहेत. पायाने ठेका धरा. एका ठेक्यात तीन स्वर पडून ‘तकिट तकिट’ असं चालत असेल तर ती जिग, म्हणजे ६/८. एका ठेक्यात चार स्वर, ‘तकधिमि तकधिमि’, तर रील. ‘तकिट’ तीनदा होऊन मग सम येत असेल तर स्लिप जिग, ९/८. हॉर्नपाइपची लय रीलपेक्षा संथ असते आणि स्वरांच्या जोडीतला पहिला लांब, दुसरा आखूड असतो, त्यामुळे ती डुलत चालते. स्कॉटलंडच्या स्ट्रथस्पेमध्ये बऱ्याचदा याच्या उलट घडतं: आखूड स्वर ठेक्यावर आदळतो आणि लांब स्वर मागून येतो. हा झटका एकदा कानात बसला की स्ट्रथस्पे दोन ओळींत ओळखू येते.

मग बांधणी मोजा. चालीचे बहुधा दोन भाग असतात. प्रत्येक भाग आठ मात्राखंडांचा आणि दोनदा वाजणारा, म्हणजे एक फेरी ३२ खंडांची. दुसरा भाग पुष्कळदा वरच्या सप्तकाकडे झेपावतो, ती खूण ठेवा. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की वादक मध्ये क्षणभरही न थांबता दुसऱ्या चालीत शिरतात. तिथे स्वराधार बदलला तर सगळी मैफल एकदम उजळते, कारण कान मघापासून एकाच आधारस्वरावर बसलेला असतो.

एकसारखेपणा जाणवण्याचं एक कारण ध्वनिमुद्रणातही असतं. गिटार, बुझुकी आणि ढोल पुढे आणले की चालीतले बारकावे त्यांच्याखाली दबतात. म्हणून सुरुवात एकट्या फिडलने (म्हणजे व्हायोलिनने) किंवा एकट्या बासरीने करा. एकच चाल सलग पाच वेळा ऐका. चांगला फिडलवादक तिसऱ्या फेरीत तोच स्वर लांबवतो, जिथे आधी त्याने तो तोडला होता. या संगीताचा जीव अशा छोट्या बदलांत आहे, आणि ते कळण्यासाठी मूळ चाल तोंडपाठ असावी लागते.

‘केल्टिक संगीत’ असा खरोखर एक प्रकार आहे का?

भाषांच्या बाबतीत हा शब्द नेमका आहे. आयरिश, स्कॉटिश गेलिक आणि मँक्स ही एक शाखा, तर वेल्श, ब्रेटन आणि कॉर्निश ही दुसरी. संगीतात मात्र तो सैल होतो. आयर्लंडची रील आणि फ्रान्समधल्या ब्रिटनीचा ‘आन द्रो’ हा नाच यांच्यात फारसं साम्य नाही. स्पेनमधल्या गालिसियात आज केल्टिक भाषा बोलली जात नाही, तरी कार्लोस नुन्येझसारखे तिथले गाइतावादक (गाइता म्हणजे तिथला बॅगपाइप) या घरात मानाने बसतात. हे घर बांधण्यात ब्रेटन हार्पवादक ॲलन स्टिव्हेल आणि १९७१ पासून ब्रिटनीत भरणारा लोरियाँचा महोत्सव यांचा मोठा वाटा आहे. शब्द वापरायला हरकत नाही, फक्त पुढचा प्रश्न लगेच विचारा: कुठलं? आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातलं, कॅनडातल्या केप ब्रेटनचं, की स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांवरचं?

डी पट्टीची टिन व्हिसल (सहा भोकांची धातूची शिट्टी) घेतली आहे. खालचे स्वर किंचाळतात आणि वरचं सप्तक निघतच नाही. व्हिसल खराब आहे का?

बहुधा नाही. खालचा स्वर किंचाळतो तेव्हा दहापैकी नऊ वेळा एखादं भोक अर्धवट उघडं असतं. बोटाच्या टोकाने झाकू नका, पहिल्या पेराच्या मांसल भागाने झाका आणि बोटं सरळ, सैल ठेवा. तपासायचं कसं? सहाही भोकं पक्की दाबून बोटं उचला. बोटांवर पूर्ण गोल वळ उमटले पाहिजेत. चंद्रकोर उमटली, तर गळती त्याच बोटाखाली आहे. उजव्या हाताची अनामिका इथे सर्वांत जास्त दगा देते.

दुसरं कारण फुंकरीचं. खालचा डी अगदी हळू फुंकरीवर बोलतो, काच धूसर करायला सोडतो तेवढ्या श्वासावर. जसजसं वर जाल तसतशी फुंकर वाढते, आणि वरचं सप्तक त्याच बोटांवर पण जोरकस फुंकरीने येतं. नवशिके तिथे घाबरून हात आखडता घेतात, त्यामुळे स्वर दोन सप्तकांच्या मध्ये लटपटतो. वरचा डी घेताना पहिलं (तोंडाजवळचं) भोक उघडून बाकीची पाच झाका, तो स्वच्छ निघेल. सी नॅचरलसाठी पहिलं भोक उघडं, दुसरं-तिसरं झाकलेलं, खालची तिन्ही उघडी.

दहा मिनिटांनी आवाज घुसमटत असेल तर तो वाफेचा दोष. तोंडाजवळच्या अरुंद वाटेत थेंब साचतात. वरची खिडकी (तोंडाशी असलेलं चौकोनी भोक) बोटाने झाकून एकदा जोरात फुंका. तेवढ्याने भागलं नाही, तर भांडी घासण्याच्या द्रव साबणाचा एक थेंब त्या वाटेतून ओघळू द्या आणि वाळू द्या. पाणी मग थेंब होऊन अडत नाही, पसरून वाहून जातं.

श्वासाचंही आत्ताच ठरवा. चालीत विराम लिहिलेले नसतात. दर ओळीच्या शेवटी श्वास घेतलात तर चालीचे तुकडे पडतील. त्यापेक्षा ओळीच्या मध्ये एखादा बिनमहत्त्वाचा स्वर गाळा आणि त्या जागी श्वास घ्या. दर फेरीला जागा बदलली तर उत्तमच.

‘रोल’ शिकतो आहे, पण तो नेहमी गोंधळलेल्या मुरकीसारखा ऐकू येतो.

कारण तुम्ही तो पाच स्वरांचा समजून वाजवता आहात. लांब रोल म्हणजे एकच स्वर तीन वेळा, आणि त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या उच्चाराआधी बोटाचा एकेक झटका. व्हिसलवर जी घ्या. जी वाजवा. डाव्या हाताची अनामिका निमिषभर उचलून परत ठेवा, हा कट, आणि दुसरा जी सुरू झाला. मग उजव्या हाताच्या तर्जनीने चौथ्या भोकावर चेंडू उसळावा तशी टिचकी मारा, हा टॅप, आणि तिसरा जी सुरू झाला. कट आणि टॅप यांना स्वतःचा सूर ऐकू येता कामा नये. आला, तर बोट जास्त वेळ रेंगाळलं. जिभेने हवा तोडू नका.

आधी झटके न देता जिगच्या ठेक्यात तीन सरळ जी मोजा, मेट्रोनोमच्या एका टोल्याला तीन, मिनिटाला ६० टोले. ते समान आले की झटके घाला. वेग शंभरापुढे नेण्याची घाई करू नका. घाईत पहिला जी आखूड होतो आणि सगळा रोल पुढे कोसळतो.

बौरॉनवर (काठीने वाजवायच्या आयरिश ढोलावर) रील जमते, जिग मात्र घसरते. शिवाय पाऊस आला की कातडं ढिलं पडतं.

जिगची अडचण हाताच्या दिशेत आहे. काठी खाली-वर, खाली-वर चालते. रीलमध्ये आठ आघातांपैकी पहिला, तिसरा, पाचवा, सातवा खाली येतो, म्हणून वजन आपोआप योग्य जागी पडतं. जिगमध्ये सहा आघात असतात. पहिला खाली येतो, पण जोराचा चौथा आघात वर जाताना पडतो. वर जाणारा आघात दुबळा असेल तर जिग लंगडणारच. रोज पाच मिनिटं फक्त वरच्या आघातावर जोर देऊन वाजवा, ताकद मनगटातून, खांद्यातून नाही.

कातडं बहुधा बकऱ्याचं असतं आणि ते हवेतली ओल शोषतं. चौकटीला स्क्रू असतील तर समोरासमोरच्या जोड्या करून प्रत्येक स्क्रू पाव वळसा फिरवा, आणि वाजवून झाल्यावर तेवढाच सैल करा. आच दाखवू नका, कातडं एका बाजूने आकसतं. कोरड्या हवेत उलट होतं, आवाज पत्र्यासारखा येतो. तेव्हा आतल्या बाजूने ओलसर फडकं हलकेच फिरवा. बैठकीत आधीच एक बौरॉन वाजत असेल तर आपला खाली ठेवावा.

इलन पाइप्स (आयरिश बॅगपाइप) आणि स्कॉटिश बॅगपाइप यांत नेमका फरक काय?

हवा कुठून येते हा. स्कॉटलंडचा हायलँड पाइप तोंडाने फुंकतात, उभ्याने वा चालत वाजवतात, आणि त्यात नऊच स्वर असतात. इलन पाइप्सला उजव्या कोपराखालचा भाता हवा पुरवतो (आयरिशमध्ये कोपराला ‘इलिन’ म्हणतात). हवा कोरडी असल्याने पात्या (रीड) नाजूक ठेवता येतात आणि चँटरला (बोटांनी वाजवायच्या भोकांच्या नळीला) दोन सप्तकं मिळतात. वरच्या सप्तकात जाताना चँटर मांडीवर टेकवून सगळी भोकं क्षणभर बंद करायची, पिशवीचा दाब वाढवायचा, मग बोट उघडायचं. म्हणूनच हे बसून वाजवायचं वाद्य. शिकणारा पिशवी, भाता आणि चँटर एवढ्याच संचाने सुरुवात करतो. ड्रोन (एकच सूर सतत धरणाऱ्या नळ्या) जोडले की अर्धा संच, मनगटाने दाबायचे रेग्युलेटर (साथीचे सूर देणाऱ्या नळ्या) जोडले की पूर्ण. स्वर डगमगत असेल तर तुम्ही भात्याच्या लयीत पिशवीही दाबता आहात. भात्याचं काम फक्त भरण्याचं, दाब सांभाळायचा तो डाव्या कोपराने, अखंड.

हल्लीच्या कलाकारांत कोणापासून सुरुवात करावी?

संथपणा आवडत असेल तर ‘द ग्लोमिंग’. त्यात क्लेअरचे फिडलवादक मार्टिन हेझ आणि आयरिश गायक इअर्ला ओ लिनार्ड आहेत. २०१४ च्या त्यांच्या पहिल्या अल्बममधली एक रचना पंधरा मिनिटांहून लांब आहे आणि ती एका बैठकीत ऐकावी. वेग आणि घट्ट बांधणी हवी असेल तर लूनासा. तिथे डबल बास चालींना खालून कसा उचलतो ते पाहा. ग्लासगोच्या टॅलिस्कमध्ये मोहसेन अमिनींची कॉन्सर्टिना (हातात धरायची छोटी भात्याची पेटी) स्वर आणि ताल दोन्ही एकटी सांभाळते.

डब्लिनचा लंकम हा आज मला सर्वांत धाडसी गट वाटतो. २०२३ च्या ‘फॉल्स लंकम’मध्ये त्यांनी जुन्या गाण्यांखाली जाड, काळपट ड्रोन पसरले आहेत, आणि रेडी पीट यांचा आवाज त्यावर कसलाही लाडिकपणा न करता उभा राहतो. ड्रोनचीच गोडी लागली तर स्काय बेटाच्या ब्रीचे खाइंबल यांचे स्मॉलपाइप्स (छोटे स्कॉटिश बॅगपाइप) ऐका. गेलिक गाण्यासाठी नॉर्थ उइस्टच्या ज्युली फाउलिस: त्यांच्या ‘पुर्श्त अ बिआल’ प्रकारच्या गाण्यांत तोंडाने वाजवलेला नाचाचा ठेका इतका स्पष्ट आहे की शब्द न कळताही पाय हलतो.

आणि ब्रिटनी वगळू नका. तिथल्या ‘कान हा दिस्कान’मध्ये दोघे गातात. पहिल्याची ओळ संपत येते तेव्हा दुसरा तिच्या शेवटच्या अक्षरांवर सामील होतो, मग तीच ओळ एकट्याने म्हणतो, आणि तिच्या टोकाला पहिला पुन्हा येऊन मिळतो. आवाज कुठेच तुटत नाही, म्हणून वाद्याशिवायही नाचणाऱ्यांची साखळी चालत राहते. हेडफोन लावून ऐकलंत तर तो सांधा नेमका कुठे आहे ते कळेल.