बरसीमात माजलेली कासनी आणि म्हशीची पोटफुगी

प्रश्न : गेल्या रब्बीत अर्ध्या एकरावर प्रथमच बरसीम पेरले. दुसऱ्या कापणीनंतर त्यात निळ्या फुलांचे उंच तण माजले आणि एके दिवशी भल्या सकाळी कापलेला चारा खाऊन एका म्हशीला पोटफुगी झाली. यंदा बरसीम सोडून लसूणघास लावावा का? – एक पशुपालक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : केवळ या दोन कारणांसाठी पीक बदलू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. लसूणघासानेही पोटफुगी होते, शिवाय तो तीन-चार वर्षे जमीन अडवून ठेवतो. बरसीम मात्र उन्हाळा तापू लागताच संपते व रान मोकळे होते.

आपण वर्णन केलेले तण बहुधा कासनी असावे. तिचे बी बरसीमाच्या बियाण्यातूनच शेतात येते, त्यामुळे खरा उपाय पेरणीपूर्वीच करावा लागतो. १० लिटर पाण्यात १ किलो मीठ विरघळवून त्यात बियाणे ओतावे व ढवळावे, म्हणजे कासनीचे हलके बी वर तरंगते. ते काढून टाकल्यावर तळाचे बी लगेच दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुवावे, कारण मिठाचा अंश राहिल्यास उगवणीला अपाय होतो आणि नंतर चोळायचे जिवाणूही मरतात. हे जिवाणू म्हणजे पिकाला हवेतील नत्र मिळवून देणारे रायझोबियम; त्यांचे संवर्धक (बियाण्याला चोळायचे जिवाणू खत) खास बरसीमाचेच मागून घ्यावे. हरभऱ्याचे येथे उपयोगी पडत नाही, आणि ज्या रानात हे पीक पूर्वी कधी नव्हते तेथे ही प्रक्रिया टाळूच नये. अर्ध्या एकराला ५ ते ६ किलो बियाणे पुरते. पेरणी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उरकावी.

पोटफुगीचे कारण असे की, कोवळ्या बरसीमातील विद्राव्य प्रथिनांमुळे जनावराच्या पोटात चिवट फेस तयार होतो, वायू त्यात अडकतो आणि जनावराला ढेकर देता येत नाही. म्हणून दव असताना कापलेला चारा तसाच टाकू नये. तो काही तास सुकू द्यावा, आधी कडबा खाऊ घालावा आणि नंतर कडब्याच्या कुट्टीत मिसळूनच बरसीम द्यावे. उपाशी म्हशीपुढे तर ते कधीच टाकू नये. तरीही डावी कूस फुगलेली दिसली, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता पशुवैद्यकास बोलवावे. या विकारात जनावर काही तासांतच दगावू शकते.