वृद्धाश्रमात गाण्याचा तास घेणार असशील तर

अगं, पहिल्याच दिवशी कराओकेचा मोठा स्पीकर नेऊ नकोस. कानात मशीन असलेल्यांना त्याचा नुसता गोंगाट होतो. पेटी पुरे, हवं तर टाळांचा एक जोड. खुर्च्या अर्धगोलात मांड, म्हणजे तुझे ओठ सगळ्यांना दिसतील. दुपारच्या चहानंतर पाऊण तास, बास.

गाणी निवडताना वयाचं गणित कर. लहानपणी आणि तरुणपणी कानावर पडलेलं सगळ्यात खोल रुजतं. पुणे आकाशवाणीवर १९५५ साली गीतरामायण सुरू झालं, तेव्हा आज ऐंशी ओलांडलेली ही मंडळी शाळकरी होती. पट्टी मात्र उतरव. वयाबरोबर आवाज बसतो. तुझ्या पट्टीत त्यांना वरचे सूर गाठता येत नाहीत, मग ते गप्प होतात आणि आपल्याला वाटतं, यांना गोडीच नाही.

कोथरूडमधल्या एक आजी पोटच्या मुलीलाही ओळखत नव्हत्या. एकदा मी जात्यावरची ओवी धरली आणि त्यांचा उजवा हात मांडीवर गोल गोल फिरू लागला. दुसरी ओळ त्यांनीच पुरी केली. अशा वेळी आपण थांबायचं, त्यांना गाऊ द्यायचं.

कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं तर घाईने गाणं बदलू नकोस. शेजारी बस, हात हातात घे.

आणि सांगितलेला वार चुकवू नकोस. तिथे दोन दिवस आधीपासून विचारणा सुरू असते, 'गाण्याची ताई कधी येणार?'