विचारा तर खरं : शेपटीवाले पीक

प्रश्न : एम. फार्म.ला आहे. अमिट्रिप्टिलिन आणि नॉरट्रिप्टिलिन या नैराश्यावरच्या औषधांचे पीक (आलेखातले उंचवटे) नेहमीच्या सी-१८ (१८ कार्बनच्या साखळ्या जोडलेली सिलिका) पॅकिंगवर लांब शेपटी सोडतात. गाइड सर म्हणतात, कॅपिलरी इलेक्ट्रोक्रोमॅटोग्राफीत (पॅकिंग भरलेल्या बारीक नळीतून विजेच्या जोरावर द्रव वाहवून घटक वेगळे करणं) आयन-एक्स्चेंज (प्रभारित गट असलेलं) पॅकिंग वापरून बघ. फरक पडेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : पडेल, पण हुरळून जाऊ नकोस. शेपटी येते ती मुख्यतः सिलिकावरच्या मोकळ्या सिलॅनॉलमुळे (सिलिकॉनला जोडलेल्या -OH गटांमुळे). ही औषधं धन प्रभाराची, सिलॅनॉल ऋण. चिकटतात आणि सुटता सुटत नाहीत. एससीएक्स (स्ट्राँग कॅटायन-एक्स्चेंज, सर म्हणतात त्याच प्रकारच्या) पॅकिंगवर सल्फोनिक गट असतात. ते पीएच ३ लाही प्रभारित राहतात, म्हणून सिलॅनॉल थंड पडले (प्रभार गमावून बसले) तरी विद्युत-परासरणाचा प्रवाह (विजेमुळे नळीतून वाहणारा द्रव) चालू राहतो. मोठा फायदा तोच.

सरांच्या मनात बहुधा स्मिथ आणि इव्हान्स यांचा १९९५ चा पेपर असावा. ट्रायसायक्लिक औषधांसाठी (तुझी दोन्ही औषधं त्याच गटातली) त्यांनी मीटरला ८० लाखांहून जास्त प्लेट्स (पीक किती अरुंद, याचं माप) नोंदवल्या. सिद्धांतात न बसणारा आकडा! तो पुन्हा पुन्हा मिळवणं मात्र जमलं नाही. एक पीक सुईसारखा, पुढच्याच इंजेक्शनला फाटलेला. असल्या पद्धतीचं व्हॅलिडेशन (ती भरवशाची असल्याची रीतसर खात्री) कोण करणार? माझं मत विचारशील तर, त्या आकड्याच्या नादी लागू नकोस.

औषध फार अडकून बसलं तर बफरमधलं (नळीतून वाहणाऱ्या द्रावणातलं) मीठ वाढव, पण बेतानं. करंट वाढला की कॅपिलरी तापते, फ्रिटपाशी (पॅकिंग अडवून धरणाऱ्या सच्छिद्र बुचापाशी) बुडबुडा धरतो आणि करंट एकदम शून्यावर येतो. त्यासाठी बफर आधी डीगॅस कर (त्यात विरघळलेली हवा काढून टाक) आणि दोन्ही टोकांच्या व्हायल्सना (बफरच्या कुप्यांना) नायट्रोजनचा सारखाच दाब दे.