तक्त्यात न बसणारं घर

प्रश्न : बीड जिल्ह्यातल्या एका वस्तीवर मी अंगणवाडी सेविका आहे. ‘माझे कुटुंब’ शिकवताना आई, बाबा, ताई, दादा, आजी, आजोबा असा तक्ता लावते आणि मुलांना चित्र काढायला सांगते. साडेचार वर्षांच्या एका मुलीने नुसती आजी आणि शेळी काढली. आईबाप ऊसतोडीला गेलेत, ती आजीपाशी असते. एक मुलगा म्हणाला, “हिला आईबापच नाहीत.” सगळी हसली. मी त्यांना गप्प केलं आणि तिला म्हटलं, “बाबा राहिले बघ, काढ.” दोन दिवस ती आलीच नाही. माझं काय चुकलं?

उत्तर : ताई, पोरीने बरोबरच काढलं होतं. सकाळी वेणी कोण घालतं? आजी. मग चित्रात आजीच येणार. “राहिले” म्हणून तुम्ही तिचं घर अपुरं ठरवलंत. रागावू नका, हे मीही केलंय. माझ्या बालवाडीत एक मुलगा वडील काय करतात विचारलं की कधी पोलीस सांगायचा, कधी ड्रायव्हर. मी त्याला थापाड्या म्हणायचे. आई नवऱ्याला सोडून माहेरी राहते, हे मला वर्ष संपताना कळलं. तो प्रश्न मी पुन्हा कुणाला विचारला नाही.

तक्ता उतरवा. ‘आमच्या घरात कोण कोण’ म्हणून मुलांचीच चित्रं लावा, शेळीसकट. “आईला सांग” ऐवजी “घरी सांग” म्हणा. आणि हसणाऱ्यांना नुसतं गप्प करू नका. त्याने त्यांना एवढंच कळतं की हिच्या घरात काहीतरी लपवण्यासारखं आहे. सरळ सांगा : “हिचे आईबाबा ऊस तोडायला गेलेत. त्या उसाची साखर होते, ती आपण चहात घालतो. काम संपलं की येतील.” पोरांना पुरतं एवढं. मात्र तिच्यादेखत ‘बिचारी’ हा शब्द नको, मदतनीसताईंच्या तोंडीसुद्धा.

तुमच्या कामाला अंगणवाडी हे नाव कुठून आलं, आठवतं? १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालशिक्षण सुरू केलं. दलित वस्तीतली मुलं येईनात, तेव्हा मुलांना नावं न ठेवता बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ताराबाईंनी स्वतः नवऱ्यापासून वेगळ्या होऊन मुलीला वाढवलं होतं. सोबतच्या अनुताई वाघ तेराव्या वर्षी लग्न होऊन सहा महिन्यांत विधवा झालेल्या. तुमच्या तक्त्यात या दोघींना तरी कुठे बसवाल?

आज संध्याकाळी आजीच्या घरी जाऊन या. अंगणवाडीत का येत नाही, हे आधी विचारू नका. शेळीचं नाव विचारा.