लोझेर : विभाग, प्रांत की जिल्हा?

प्रश्न असा आहे : "एका मराठी लेखात 'फ्रान्समधील लोझेर विभाग' असं वाचलं. त्याच लेखात पुढे त्या भागाला 'झेव्होदाँ प्रांत' म्हटलंय. मग विभाग, प्रांत की जिल्हा? मराठीत नेमकं काय म्हणावं?"

लोझेरला जिल्हा म्हणावं, आणि बिनदिक्कत म्हणावं. झेव्होदाँला प्रांत म्हटलं तर चालेल, पण त्या दोन्ही एकच गोष्टी नव्हेत. त्याकडे पुढे येतो.

मूळ फ्रेंच शब्द 'देपार्तमाँ'. वाटून देणं या अर्थाच्या 'देपार्तिर' या क्रियापदापासून तो आला. आपला 'विभाग' ज्या 'भज्' धातूपासून आला त्याचाही अर्थ वाटणं. व्युत्पत्तीच्या बाजूने पाहिलं तर लेखकाची निवड चोख आहे. वहिवाटीत मात्र ती फसते. महाराष्ट्रात ३६ जिल्हे आणि ६ महसुली विभाग. पुणे विभाग म्हटला की त्याच्या पोटात पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर असे जिल्हे आलेच. त्यामुळे 'लोझेर विभाग' वाचणाऱ्याला वाटतं की त्याच्या आत चार-सहा जिल्हे असतील. प्रत्यक्षात अनेक देपार्तमाँ ज्याच्या पोटात असतात तो 'रेजिओं'. लोझेर ज्याच्यात मोडतो तो रेजिओं म्हणजे ऑक्सितानी. 'विभाग' वापरायचाच तर तिथे वापरावा. मी स्वतः 'प्रदेश' लिहितो.

आकारानेही जिल्हाच म्हणावं लागतं. लोझेरचं क्षेत्रफळ ५,१६७ चौरस किलोमीटर, आपल्या सिंधुदुर्गाचं ५,२०७. दोन्ही डोंगराळ, जवळजवळ एकाच मापाचे. फरक माणसांचा. २०११च्या जनगणनेत सिंधुदुर्गात साडेआठ लाखांच्या आसपास लोक होते, आणि लोझेरमध्ये आज जेमतेम ७६ हजार. फ्रान्सच्या मुख्य भूमीवर इतकी कमी वस्ती दुसऱ्या कुठल्याच देपार्तमाँत नाही.

आणखी एक साम्य मला फार आवडतं. सिंधुदुर्ग हे किल्ल्याचं नाव. जिल्ह्याचं ठिकाण ओरोस. लोझेर हे डोंगराचं नाव. जिल्ह्याचं ठिकाण मांद. फ्रान्समध्ये हे ठरवून केलेलं आहे. राज्यक्रांतीनंतर जुने प्रांत आणि त्यांचे मानपान मोडून काढायचे होते. १७८९मध्ये तिथल्या राष्ट्रसभेचे सदस्य तूरे यांनी तर सगळ्या देशावर सारखे चौकोन आखण्याची योजना मांडली होती. ती तशीच्या तशी टिकली नाही, पण १७९०मध्ये ८३ देपार्तमाँ झाले आणि बहुतेकांना नद्यांची नि डोंगरांची नावं दिली, म्हणजे कुठल्याही जुन्या घराण्याची आठवण त्यात नको. आज ते १०१ आहेत.

'जिल्ह्याचं ठिकाण' हा आपला शब्दप्रयोग किती नेमका आहे, ते इथे कळतं. फ्रेंच शब्द आहे 'शेफ-लिय'. शेफ म्हणजे मुख्य, लिय म्हणजे ठिकाण. अनुवादात 'प्रशासकीय मुख्यालय' लिहिण्याची काहीच गरज नाही. आपल्या तोंडात बसलेला शब्द मुळाशी जास्त जवळ आहे.

कारभार पाहिला तरी तेच. राज्यसत्तेने नेमलेला प्रीफेक्ट हा साधारण आपला जिल्हाधिकारी, जरी सारावसुली हे त्याचं काम नाही. हे पद नेपोलियनने १८००मध्ये निर्माण केलं. शिवाय लोकांनी निवडलेली परिषद असते, ती जिल्हा परिषद. लोझेरमध्ये १३ 'कांतों' आहेत, आणि प्रत्येकातून एक बाई आणि एक पुरुष अशी जोडीच निवडून जाते, म्हणून सदस्य २६. या कांतोंला जिल्हा परिषदेचा 'गट' म्हणावं, तालुका नव्हे.

आता झेव्होदाँ. हे नाव 'गाबाली' या जमातीवरून आलं. सीझरच्या लेखनात तिचा उल्लेख आहे. क्रांतीपूर्वी हा लांगदोक प्रांताचा एक भाग होता. जुन्या मोडी कागदांत 'प्रांत जुन्नर', 'प्रांत वाई' असं येतं, त्या मापाने झेव्होदाँला प्रांत म्हणणं मला पटतं. (आजच्या महसुली बोलीत मात्र 'प्रांत' म्हणजे उपविभागीय अधिकारी. त्या अर्थाचे 'प्रांतसाहेब' लोझेरमध्ये फ्लोराक गावी बसतात.) लोझेर बराचसा झेव्होदाँमधूनच कोरला गेला, पण सीमा तंतोतंत जुळत नाहीत. सोग हे गाव झेव्होदाँचं, ते गेलं शेजारच्या ओत-लुआरमध्ये. म्हणून १७६४ ते १७६७ या काळात ज्या हिंस्र जनावराने शंभराच्या आसपास बळी घेतले, त्याला 'लोझेरचा पशू' लिहिणं चूक. तेव्हा लोझेर नावाचा जिल्हाच नव्हता, आणि ज्यां शास्तेल यांनी ज्या मुलखात त्याला मारलं तोही आज ओत-लुआरमध्ये आहे. 'झेव्होदाँचा पशू' हेच बरोबर.

त्याच लेखात चेस्टनटला 'पावाचं झाड' म्हटलंय, असंही तुम्ही कळवलंय. इथे थोडं रेंगाळतो. 'आर्ब्र आ पँ' म्हणजे एरवी फ्रेंचमध्ये नीरफणस. पण लोझेरच्या दक्षिणेला सेव्हेन डोंगरांत ते चेस्टनटचं लाडकं नाव आहे, कारण तिथल्या उतारांवर गहू पुरेसा होत नसे आणि हिवाळाभर पोट याच फळावर भरे. त्यासाठी 'क्लेद' नावाची छोटी दगडी दुमजली खोपटी असत. वरच्या मजल्याची जमीन फटी ठेवून पट्ट्या ठोकलेली. तिच्यावर चेस्टनट पसरायचे आणि खाली लाकडाचा ओंडका ज्वाळा न होऊ देता धुमसत ठेवायचा, एक-दोन दिवस नाही, काही आठवडे. धूर फटींतून वर जाई, फळ खडखडीत सुके, मग टरफलं झोडून काढायची आणि वर्षभर पेज करायची. हे कळल्यावर 'पावाचं झाड' मला परकं वाटतं. पाव आपल्याकडे विकत आणायची वस्तू आहे. 'भाकरीचं झाड' म्हटलं की त्या माणसांची भूक मराठीत उतरते.

उलट 'कोस' या शब्दाला हात लावू नये. नैऋत्येकडच्या चुनखडीच्या कोरड्या, विस्तीर्ण पठारांना तिथे कोस म्हणतात. आपल्या कोसाशी, म्हणजे अंतराशी, त्याचा संबंध नाही. काहींना 'सडा' सुचेल, पण कोकणातला सडा जांभ्या दगडाचा, त्याचे रंग नि गवत वेगळे. पहिल्यांदा 'कोस नावाची चुनखडीची पठारं' असं लिहावं, पुढे नुसतं कोस पुरतं.

जाता जाता एक सांगतो. फ्रान्समध्ये प्रत्येक कम्यूनला, म्हणजे गाव-शहर पातळीवरच्या स्थानिक कारभाराच्या घटकाला, 'मेर' असतो आणि मराठीत सरसकट त्याचा 'महापौर' करतात. पॅरिसला ते ठीक आहे. लोझेरमध्ये शंभर माणसांचीही नाहीत अशी कम्यून आहेत. तिथला मेर हा सरपंच.