फ्रेंच चित्रकार लोत्रेकच्या 'विदूषक शा-यू-काओ' या चित्रात खोली (डेप्थ) का जाणवत नाही? त्याचं पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे जवळ-लांब दाखवायचं तंत्र, कच्चं होतं का?

कच्चं अजिबात नव्हतं. तुलूझ-लोत्रेक पॅरिसमध्ये आधी बोना आणि मग कॉर्मों अशा दोन अकादमिक वळणाच्या मास्तरांकडे शिकला होता. १८९५च्या या चित्रात त्याने खोली मुद्दाम दाबली आहे. सपाट रंगांच्या जपानी छापचित्रांचं त्याला वेड होतं, हे एक कारण. पण मला तेवढं पुरेसं वाटत नाही.

शा-यू-काओ ही पॅरिसच्या मूलाँ रूज या नाचगाण्याच्या ठिकाणी आणि नूव्हो सर्कसमध्ये काम करणारी नर्तकी आणि विदूषक. इथे ती रंगमंचावर नाही. स्वतःच्या खोलीत, आपल्याकडे जवळजवळ पाठ करून, गर्द रंगाच्या पोशाखावर पिवळी झालर चढवतेय. मागे आरशात एक म्हातारा दिसतो, समारंभी काळ्या कोटातला. म्हणजे खरं तर तो तिच्यापासून बराच लांब उभा असणार. एरवी चित्रकार आरसा वापरतात तो चित्राची खोली वाढवायला. लोत्रेक त्याच आरशाने म्हाताऱ्याला तिच्या खांद्याशी आणून चिकटवतो. अंतर गेलं, त्याबरोबर तिचा एकांतही गेला. मला तर हे चित्र इथेच थोडं क्रूर वाटतं.

मग ती पार्श्वभूमीत हरवत का नाही? रंगामुळे. पुढे काय आणि मागे काय, हे इथे रेषा सांगत नाहीत, पिवळा सांगतो. ती झालर अंगाभोवती तिरकी वळसा घेत जाते आणि तोच पिवळा केसांतल्या रिबिनीत पुन्हा येतो. झालरीवर बोट ठेवून बघा, सगळं चित्र मागे सरकतं. पिवळ्याशेजारी निळा-जांभळा आला की दोन्ही भडकतात, हे रंगचक्र शिकलेल्या कुणालाही माहीत असतं. पण बाकी सगळं आवरून एकाच ठिकाणी ते वापरायला हिंमत लागते.

हे चित्र कॅनव्हासवर नाही, पुठ्ठ्यावर आहे. लोत्रेक तैलरंग टर्पेंटाइनने पातळ करून पुठ्ठ्यावर लावायचा. पुठ्ठा तेल पितो, चकाकी जाते आणि रंग खडूसारखा कोरडा दिसतो. छापील फोटोत हे नीट कळत नाही. पॅरिसला गेलात तर ऑर्से संग्रहालयात बघा.

तोवर त्याच्याच १८९६च्या 'एल' या लिथोग्राफ (दगडावरून छापलेल्या चित्रांच्या) मालिकेतली बसलेली शा-यू-काओ शोधा. तिथे छपाईसाठी रंगागणिक वेगळा दगड लागायचा, त्यामुळे सपाटपणा आणखी पुढे गेलाय.