नांगर टाकून उभ्या असलेल्या शिडाच्या बोटीवर वारा सुटला की रोजचं जगणं कसं असतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही दोघं बेळगावहून फेब्रुवारीत ओळखीच्या माणसाच्या १२ मीटर लांबीच्या शिडाच्या बोटीवर, कारवारजवळ, आठवडाभर राहायला जाणार. बोट बहुतेक वेळ नांगरावरच असेल आणि दुपारी वारा २० नॉटपर्यंत जातो असं मालकांनी सांगितलंय. तर जेवण, झोप, आंघोळ कशी जमते आणि नांगर सुटला तर काय?

२० नॉट म्हणजे ताशी ३७ किलोमीटर. बेळगावच्या माणसाला हा आकडा घाबरवणार नाही, आणि खरं तर घाबरायचं कारणही नाही. आडोसा चांगला असेल तर या वाऱ्यात बोट शांत उभी राहते. जगणं अवघड करतात त्या तीन वेगळ्याच गोष्टी: दोरांचं घासणं, लाटांचे हेलकावे आणि किनाऱ्याला जायची छोटी होडी. मालकांना वाऱ्याचा आकडा विचारण्यापेक्षा ‘वायव्येला मोकळं पाणी किती आहे’ असं विचारा. समोर अर्धा किलोमीटर पाणी असेल तर चुळबुळ होते. पाच किलोमीटर असेल तर त्याच वाऱ्यात चहा सांडतो.

शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे दिवसाचं वेळापत्रक ठरवतात. सकाळी दहा-अकरापर्यंत पाणी सपाट असतं. दुपारपासून वायव्येचा खारा वारा वाढत जातो आणि सूर्यास्तानंतर पडतो. रात्री उशिरा, पहाटे घाटाकडून मतलई येते. म्हणून बाजार, पाणी भरणं, किनाऱ्यावरची कामं आणि डोलकाठीवर चढायचं काही असेल तर तेही, सगळं दहाच्या आत उरकायचं. दुपारी वाचन, दुरुस्ती आणि झोप.

होडीचं तर हे अगदी खरं आहे. दुपारी वाऱ्याविरुद्ध होडी हाकली की प्रत्येक लाटेचं पाणी मांडीवर येतं. फोन आणि कपडे गुंडाळून बंद करायच्या जलरोधक पिशवीत ठेवा. साधी प्लॅस्टिकची पिशवी फाटते. रात्री होडी बोटीमागे पाण्यात सोडून झोपू नये. इंजिन उतरवून होडी कप्पीने वर उचलून बांधावी. ३० नॉटच्या झोतात हवा भरून फुगवलेली रिकामी होडी सहज पालथी होते, आणि इंजिन तिच्यावरच असेल तर त्यात खारं पाणी शिरतं.

आता नांगराकडे येऊ. लोक नांगराच्या वजनाची चौकशी करतात. मी आधी साखळी किती सोडली ते विचारेन. हिशेब भरतीच्या खोलीवर करायचा. ओहोटीला ४ मीटर पाणी, भरतीचे सुमारे २ मीटर आणि पाण्यापासून बोटीच्या नाळेपर्यंत, म्हणजे पुढच्या टोकापर्यंत, १ मीटर, असे ७. साध्या दिवशी त्याच्या पाचपट म्हणजे ३५ मीटर साखळी, जोराचा वारा येणार असेल तर सातपट, म्हणजे जवळपास ५०. ओहोटीच्या खोलीवर हिशेब केला की भरतीला साखळी कमी पडते, ओढ वरच्या दिशेला जाते आणि नांगराचं पातं मातीतून उपटतं. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो: १५ नॉटचे ३० झाले की ओढ चौपट होते. म्हणून साखळी वारा येण्याआधी सोडायची.

नांगर टाकतानाही घाई नको. बोट वाऱ्याकडे तोंड करून थांबवायची, नांगर तळाला टेकवायचा, बोट मागे सरकेल तशी साखळी सोडत जायची, म्हणजे तिचा ढीग नांगरावर पडत नाही. मग इंजिन उलट दिशेला आधी हळू, नंतर जोराने, अर्धा-एक मिनिट. त्या वेळी किनाऱ्यावरच्या एकामागे एक दिसणाऱ्या दोन खुणा धरा, उदाहरणार्थ माड आणि त्यामागचा खांब. त्या एकमेकींपासून सरकत नसतील तर नांगर धरलाय.

त्यानंतर स्नबर लावायचा. हा १४ मिलिमीटरचा, आठ-दहा मीटर लांब नायलॉनचा दोर. एक टोक आकड्याने साखळीला, दुसरं डेकवरच्या खुंटीला, आणि मधली साखळी सैल सोडायची. म्हणजे झटका ताणला जाणारा नायलॉन घेतो, साखळी ओढायच्या यंत्रावर काही येत नाही, आणि पुढच्या खोलीत झोपणाऱ्याच्या कानाशी साखळीची खरखरही होत नाही. बाजारातला निळा-पिवळा प्लॅस्टिकचा दोर इथे चालत नाही. तो पुरेसा ताणत नाही आणि उन्हात कुजतो. स्नबर तुटतो तो नेहमी बोटीच्या कडेवरून वाकतो तिथेच. तिथे अग्निशमनाच्या जुन्या पाइपचा हातभर तुकडा चढवायचा, आणि जोराच्या वाऱ्यात दर दोन-तीन तासांनी दोर वीतभर सोडून घासायची जागा बदलायची.

वाऱ्यात बोट सरळ उभी राहत नाही. दाव्याला बांधलेल्या वासरासारखी ती डावीकडे धावते, झटका खाऊन उजवीकडे वळते. मागच्या बाजूला छोटं शीड घट्ट लावलं तर हे बरंच कमी होतं. शिडं चढवायचे दोर डोलकाठीवर टकटक आपटतात तेही संध्याकाळीच बाजूला ओढून बांधा. रात्री दोनला ते काम कोणाला आवडत नाही.

झोपेबद्दल नवख्याला न पटणारी गोष्ट म्हणजे सर्वांत वाईट वेळ वारा पडल्यावरची असते. वारा असतो तोवर तो बोटीचं तोंड धरून ठेवतो. वारा पडला की बोट आडवी होते, समुद्राची जुनी लाट कुशीवर घेते आणि नऊ ते मध्यरात्र डुलत राहते. उपाय असा, की मागच्या खुंटीवरून एक दोर पुढे नेऊन साखळीला बांधायचा आणि ओढून बोटीचं तोंड लाटेकडे फिरवायचं. झोपायला बोटीचा मधला, खालचा भाग निवडा. पुढची खोली दिसायला छान असते, पण हेलकावे तिथेच जास्त.

स्वयंपाकाला झुलती शेगडी असते, तिची कडी मोकळी ठेवा आणि पातेलं दांड्यांत अडकवा. कुकर सर्वांत भरवशाचा, पण अर्धाच भरायचा. उघड्या पातेल्यात तळण नको. उकळत्या चहासमोर अर्धी चड्डी घालून उभं राहू नका आणि कप अर्धाच भरा. गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळला तर बोटीच्या पोटात साठतो, म्हणून प्रत्येक वेळी सिलिंडरचाच कॉक बंद करायचा, नुसतं शेगडीचं बटण नाही.

निघताना बेळगावच्या बाजारातून ज्वारीच्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी जरूर घ्या. वाऱ्याच्या दुपारी चूल न पेटवता जेवण होतं. भाकऱ्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, खाऱ्या हवेत एका दिवसात मऊ पडतात. गोकाकचा करदंट टिकतो. कुंदा मात्र लवकर संपवा, छोट्या फ्रिजवर त्याचा भार नको.

गोडं पाणी माणशी दिवसाला १० ते १५ लिटर धरा. मालक धरून तिघांना आठवड्याला जास्तीत जास्त सुमारे ३०० लिटर होतात. भांडी समुद्राच्या पाण्याने घासून गोड्याने विसळतात, पण नदीच्या मुखाशी किंवा बंदरात ते पाणी वापरू नका. आंघोळीला शेतातल्या फवारणीसारखा हातपंप उत्तम, दोन-तीन लिटरमध्ये भागतं. अर्थात पंप कोरा हवा, औषध कधीच न घातलेला.

विजेचं गणित छोटं आहे. बारा व्होल्टच्या बॅटरीवर फ्रिज दिवसाला ४०-५० अँपिअर-तास खातो, २०० वॉटचं सौर पॅनल साधारण ६० देतं. बोट नांगराभोवती फिरते तशी डोलकाठीची सावली पॅनलवर फिरते, तेव्हा त्यातही घट धरा. रात्रभरच्या नांगर-दिव्याला एलईडी असेल तर नगण्य वीज लागते. सगळीकडून दिसणारा तो पांढरा दिवा लावलाच पाहिजे, मासेमारीच्या ट्रॉलरांची ये-जा रात्रीच जास्त असते. आणि कुठे उभं राहायचं ते बंदर खात्याला विचारूनच. अंजदीव बेट आणि कदंब हा नौदलाचा तळ, त्या बाजूला फिरकू नका.

नांगर सुटतोय हे कसं कळतं? साखळीवर तळवा ठेवा. धरलेल्या नांगराची ओढ एकसारखी येते, घसरणाऱ्याचा खडखडाट हाताला लागतो. बोट वाऱ्याला आडवी होऊन खुणा सरकू लागल्या तर शंका नको. जीपीएसचा अलार्म नांगर टाकला त्याच जागेवर लावा, बोट असते तिथे नाही. नाहीतर खारा आणि मतलई बदलताना बोट पूर्ण अर्धं वर्तुळ फिरते आणि अलार्म उगाच वाजत राहतो. मग माणसं तो बंदच करून टाकतात.

सुटलाच तर आधी इंजिन चालू करा, पण त्याआधी होडीचा दोर पाण्यात लोंबत नाही ना ते पाहा, नाहीतर तो पंख्यात जातो. मागे जागा असेल तर दहा-पंधरा मीटर साखळी आणखी सोडून बघा. जागा नसेल तर एकाने इंजिनवर बोट पुढे न्यायची, दुसऱ्याने साखळी वर घ्यायची आणि मोकळ्या जागी नांगर पुन्हा टाकायचा. कोण काय करणार हे उजेडातच ठरवून ठेवा, वाऱ्यात हाका ऐकू जात नाहीत, हाताच्या खुणाच लागतात. मालकांना आणखी एक विचारा: साखळीचं शेवटचं टोक बोटीला कशाने बांधलंय? ते लोखंडी कडीने नको, डेकपर्यंत येईल एवढ्या दोराने हवं, आणि शेजारी धारदार सुरी. साखळी सोडून पळायची वेळ आलीच तर आधी तिला तरंगता बोया बांधा आणि मग दोर कापा. नांगर दुसऱ्या दिवशी सकाळच्या सपाट पाण्यात शोधून काढता येतो.